दुबळ्या हृदयाला संथ करणारी गोळी

गेल्या वर्षी मार्च महिन्यात आप्पांच्या टूडी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, अहवालावर २८ टक्के हा आकडा आला. हृदयाच्या डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्यात जितके रक्त भरते त्यातले किती रक्त एका ठोक्यात बाहेर फेकले जाते, त्याचे ते प्रमाण. निरोगी माणसात ते साठच्या आसपास असते. आपल्याकडे यालाच लोक ‘पंपिंग’ म्हणतात. आप्पा लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. दोन महिन्यांपासून ते प्रत्येक मजल्यावर थांबून कठडा धरत होते आणि रात्री दोन उशा घेऊन झोपत होते, परंतु वय झाले म्हणून दम लागतो असे त्यांनी आम्हा सर्वांना पटवून दिले होते.

डॉक्टरांनी दिलेल्या चिठ्ठीत पाण्याची गोळी होती, रक्तदाबाची म्हणून ओळखली जाणारी एक गोळी होती आणि मेटोप्रोलॉल साडेबारा मिलिग्रॅम होते. ही शेवटची गोळी कशासाठी, असे आप्पांनी विचारले. हृदयाचा वेग आणि जोर थोडा कमी करण्यासाठी, असे मी सांगितले. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला आणि म्हणाले, “अगं, साचा आधीच ढिला चाललाय म्हणतेस, आणि त्याचा पट्टा आणखी सैल करायचं औषध देतेस?”

आप्पांनी गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर, बावीस वर्षे काढली आहेत. यंत्राविषयीचा त्यांचा प्रश्न कधीच वरवरचा नसतो. मी वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या मुलांना शरीरक्रियाशास्त्र शिकवते, या प्रश्नाचे उत्तर दरवर्षी फळ्यावर लिहिते, तरीही त्या संध्याकाळी मला ते दोन वाक्यांत देता आले नाही. नंतरच्या महिन्यांत मी ते त्यांना तुकड्यातुकड्याने सांगितले. इथे ते सलग लिहीत आहे, कारण घरात हृदयाचा रुग्ण असलेल्या अनेकांना हाच प्रश्न पडतो आणि बरेच जण तो विचारायचे टाळून गोळी मात्र परस्पर बंद करतात.

सुरुवात कॅल्शियमपासून करावी लागेल. लंडनमधील वैद्य सिडनी रिंगर यांनी १८८२च्या सुमारास बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून ते बराच वेळ धडधडत ठेवले होते. पुढे त्यांच्या लक्षात आले की ते पाणी ऊर्ध्वपातित नसून नळाचे होते. शुद्ध पाण्यात तेच मीठ घालून पाहिले तेव्हा हृदयाचे आकुंचन मंदावत थांबले. नळाच्या पाण्यात जे होते आणि शुद्ध पाण्यात जे नव्हते, ते म्हणजे कॅल्शियम. १८८३मध्ये रिंगर यांनी आपल्या आधीच्या निष्कर्षाची दुरुस्ती छापून प्रसिद्ध केली. मला या गोष्टीत शोधाइतकीच ती दुरुस्ती मोलाची वाटते.

हृदयाच्या स्नायूची पेशी विसावलेली असते तेव्हा तिच्या आतल्या द्रवात मोकळे कॅल्शियम अत्यल्प असते, बाहेरच्या मानाने सुमारे दहा हजार पटींनी कमी. विजेचा इशारा आला की पेशीच्या आवरणातील दारे क्षणभर उघडतात आणि थोडेसे कॅल्शियम आत शिरते. हे थोडेसे कॅल्शियम स्वतः स्नायू आखडवण्यास पुरेसे नसते. ते पेशीतल्या साठ्याची दारे उघडते, मग त्या साठ्यातून मोठा लोंढा बाहेर येतो, ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाला चिकटतो आणि स्नायूचे तंतू एकमेकांवर सरकू लागतात. हे झाले आकुंचन. पुढच्या ठोक्याआधी हे सगळे कॅल्शियम पुन्हा आवरावे लागते. मानवी हृदयात त्यातले सुमारे सत्तर टक्के साठ्यातच परत खेचले जाते, आणि उरलेल्यापैकी बहुतेक सोडियमच्या मोबदल्यात पेशीबाहेर टाकले जाते. साठ्यात परत खेचणाऱ्या पंपाला प्रत्येक ठोक्याला ऊर्जा मोजावी लागते. मी हे सांगितले तेव्हा आप्पा म्हणाले, “म्हणजे धोटा परत आल्याशिवाय पुढची फेक नाही.” धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे फेकला जाणारा तुकडा. इतकी नेमकी उपमा मला वीस वर्षांच्या अध्यापनात सुचली नव्हती.

आता या व्यवस्थेवर बाहेरून हुकूम चालवणाऱ्या रेणूंकडे वळू. मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींचा अर्क टोचल्यावर रक्तदाब झपाट्याने वाढतो आणि हृदय जोराने आखडते, हे जॉर्ज ऑलिव्हर आणि एडवर्ड शेफर यांनी १८९४मध्ये इंग्लंडमध्ये दाखवले. १९०१मध्ये जोकिची ताकामिने यांनी त्या अर्कातील द्रव्य स्फटिकरूपात वेगळे केल्याचे जाहीर केले. तेच अ‍ॅड्रिनॅलिन. ‘हॉर्मोन’, म्हणजे संप्रेरक, हा शब्दही तेव्हा जन्मला नव्हता, तो १९०५मध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी वापरात आणला. हृदयाच्या बाबतीत मात्र संप्रेरक कोणाला म्हणावे ही सीमारेषा पुसट आहे. अ‍ॅड्रिनॅलिन ग्रंथीतून रक्तात उतरून हृदयापर्यंत वाहत येते, म्हणून ते संप्रेरक. त्याचे सख्खे भावंड नॉरअ‍ॅड्रिनॅलिन मुख्यतः हृदयात पसरलेल्या चेतातंतूंच्या टोकांशी, स्नायूपासून केसभर अंतरावर पाझरते, म्हणून पुस्तकात त्याचे प्रकरण वेगळे. स्नायूच्या पेशीला या वर्गवारीशी काही देणेघेणे नसते. दोन्ही रेणू तिच्या आवरणावरील एकाच प्रकारच्या ग्राहीवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनावर, बसतात. रेमंड अल्क्विस्ट यांनी १९४८मध्ये अशा ग्राहींचे अल्फा आणि बीटा असे दोन वर्ग मांडले, आणि हृदयाचा जोर वाढवणारा ग्राही बीटा वर्गातला आहे.

अ‍ॅड्रिनॅलिन हे काम करायला पेशीच्या आत जात नाही. ते उंबरठ्यावर निरोप देते. तो निरोप ग्राहीकडून जी-प्रथिनाकडे आणि तिथून अ‍ॅडेनिलिल सायक्लेज या विकराकडे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाकडे, जातो, आणि ते विकर चक्रीय एएमपी नावाचे लहानसे रेणू भराभर बनवू लागते. पेशीच्या आत निरोप फिरवणारा हा दुसरा निरोप्या अर्ल सदरलँड यांनी यकृताच्या पेशींवर काम करताना ओळखला आणि त्याबद्दल त्यांना १९७१चे नोबेल पारितोषिक मिळाले. चक्रीय एएमपी आणखी एका विकराला जागे करते, आणि ते विकर ठरावीक प्रथिनांवर फॉस्फेटचा शिक्का मारत सुटते. शिक्का बसलेली आवरणावरची दारे अधिक कॅल्शियम आत घेतात, त्यामुळे साठ्यातून मोठा लोंढा येतो आणि ठोका जोरकस होतो. इथपर्यंतचे सर्वांना सहज पटते.

माझा जीव मात्र पुढच्या भागात गुंततो. साठ्यात कॅल्शियम परत खेचणाऱ्या पंपाजवळ फॉस्फोलॅम्बन नावाचे एक चिमुकले प्रथिन बसलेले असते. मिचिहिको ताडा आणि अर्नोल्ड कॅट्झ यांनी १९७०च्या दशकात त्याचा छडा लावला. ते त्या पंपाला एरवी रोखून धरते. अ‍ॅड्रिनॅलिनचा निरोप येतो तेव्हा फॉस्फेटचा शिक्का या प्रथिनावरही बसतो, त्याची पकड सुटते आणि पंप वेगाने चालू लागतो. ट्रोपोनिनवरही असाच शिक्का बसतो आणि त्याची कॅल्शियम धरून ठेवण्याची ओढ किंचित कमी होते. म्हणजे जोराने आखड, असे सांगणारा रेणू त्याच दमात लवकर सैल हो, असेही सांगतो. ‘शिथिल’ हा शब्द मराठीत आळसाकडे झुकतो, आणि म्हणूनच हृदयाचे शिथिल होणे म्हणजे काही न करणे असा आपला समज होतो. प्रत्यक्षात ते काटेकोर, खर्चिक काम आहे.

त्याचे महत्त्व साध्या हिशेबाने कळते. मिनिटाला ७२ ठोके पडतात तेव्हा एका ठोक्याच्या वाट्याला सुमारे ०.८ सेकंद येतात, आणि त्यातील अर्ध्याहून अधिक वेळ हृदय सैल असते. त्याच वेळात त्यात रक्त भरते आणि त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या डाव्या बाजूच्या धमन्यांतूनही मुख्यतः त्याच वेळात रक्त वाहते. सुटणारी गाडी गाठायला दादरच्या पुलावरून धावलो आणि ठोके १५० झाले, तर प्रत्येक ठोक्याला ०.४ सेकंदच मिळतात. इतक्या अवधीत हृदय लवकर सैल झाले नाही तर ते भरणारच नाही, आणि न भरलेले हृदय कितीही जोराने आखडले तरी फेकणार काय?

उलट दिशेचा निरोप अ‍ॅसेटिलकोलिन देते. ऑटो लोवी यांनी १९२१मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ इथे एका बेडकाच्या हृदयाची व्हेगस चेता, म्हणजे मेंदूकडून हृदयाकडे येणारी मज्जातंतूंची दोरी, उत्तेजित केली, ते हृदय मंदावल्यावर त्याच्या भोवतालचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला आणि तेही मंदावले. चेतेचा हुकूम रासायनिक असतो याचा तो स्पष्ट पुरावा होता. आपले हृदय विसाव्याला ७०च्या घरात राहते ते या लगामामुळे. चेता तोडल्या तर काय होते, हे प्रत्यारोपण केलेल्या हृदयात दिसते. लालबागपासून हाकेच्या अंतरावर, परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८मध्ये भारतातील पहिले मानवी हृदयप्रत्यारोपण केले. केपटाउनच्या, जगातल्या पहिल्या प्रत्यारोपणाला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. मुंबईतला तो रुग्ण काही तासच जगला. आप्पा तेव्हा ऐन विशीत होते आणि गिरणीत त्या दिवशी दुसरा विषय नव्हता, असे ते सांगतात. नव्या शरीरात बसवलेल्या हृदयाला चेतांची जोडणी नसते. लगाम तुटल्याने ते विसाव्यालाही ९० ते १००च्या पुढे चालते. जिना चढू लागल्यावर ते लगेच वेग घेत नाही, कारण त्याला रक्तातून वाहत येणाऱ्या अ‍ॅड्रिनॅलिनची वाट पाहावी लागते, आणि जिना संपल्यावरही ते रेणू रक्तातून ओसरेपर्यंत ते लगेच शांत होत नाही. संप्रेरक आणि चेता यांच्या कामातील फरक याहून स्वच्छ कुठे दिसत नाही.

या निरोपाच्या साखळीत मुंबईचा आणखी एक धागा आहे, आणि तो मी राहते त्या मुलुंडचा आहे. इथल्या, हेक्स्ट या जर्मन औषधकंपनीच्या संशोधन केंद्रात १९७०च्या दशकात डिसोझा आणि त्यांचे सहकारी भारतीय वनस्पतींचे अर्क तपासत होते. कोलियस फोर्स्कोहली या वनस्पतीच्या मुळांतून त्यांनी फोर्स्कोलिन हे द्रव्य वेगळे केले आणि ते हृदयाच्या आकुंचनाचा जोर वाढवते व रक्तदाब उतरवते, असे प्रसिद्ध केले. त्याच सुमारास लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतही याच वनस्पतीवर काम होऊन कोलिओनॉल या नावाने द्रव्य मिळाले होते. १९८१मध्ये अमेरिकेत सीमन आणि डेली यांनी दाखवले की फोर्स्कोलिन ग्राहीकडे फिरकतही नाही, ते थेट अ‍ॅडेनिलिल सायक्लेजला कामाला लावते. दाराची घंटा न वाजवता सरळ माजघरात शिरावे तसे. तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत पेशीतले चक्रीय एएमपी वाढवायचे असले की हात फोर्स्कोलिनच्या बाटलीकडे जातो. आमच्या शेजारच्या गुजराती काकी दरवर्षी गरमरच्या मुळांचे लोणचे देतात. ती मुळे याच वनस्पतीची आहेत, हे मला बऱ्याच उशिरा कळले आणि त्या दिवशी बरणीकडे पाहताना मला खरोखर भरून आले. एक गोष्ट मात्र इथेच सांगून ठेवते. फोर्स्कोलिनच्या गोळ्या वजन कमी करण्यासाठी म्हणून विकल्या जातात. हृदयाची किंवा रक्तदाबाची औषधे चालू असलेल्यांनी त्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत.

आता आप्पांच्या प्रश्नाकडे येते. हृदय दुबळे झाले की शरीराला रक्त कमी पडते. शरीर त्याचा अर्थ संकट असा लावते आणि अ‍ॅड्रिनॅलिन व नॉरअ‍ॅड्रिनॅलिनचा मारा सुरू करते. काही तासांसाठी हे योग्यच असते. जखमेतून रक्त वाहून गेलेल्या माणसाला हाच मारा तारतो. पण दुबळ्या हृदयाचे संकट सरत नाही, म्हणून हुकूमही थांबत नाही. महिनोन्‌महिने चाबूक खाणारी पेशी स्वतःला वाचवण्यासाठी आवरणावरचे बीटा ग्राही कमी करते. निकामी होत गेलेल्या मानवी हृदयांत या ग्राहींची संख्या जवळजवळ निम्म्यावर येते, असे ब्रिस्टो आणि सहकाऱ्यांनी १९८२मध्ये दाखवले. मग हृदय हुकूम ऐकेनासे होते आणि शरीर आणखी मोठ्याने ओरडते. आत कॅल्शियमचा साठा विस्कटतो, सैल पडण्याच्या वेळेतही थोडे कॅल्शियम पाझरत राहते, ऊर्जेचा ताळेबंद बिघडतो आणि काही पेशी मरतात. अँजिओटेन्सिन हे दुसरे संप्रेरक याच काळात चढते आणि मेलेल्या पेशींच्या जागी तंतूंचा व्रण वाढवते.

ग्राही ऐकत नसतील तर त्यांना वगळून आत जोर का वाढवू नये, असे कोणालाही सुचेल. तसे करून पाहिलेही गेले. मिल्रिनोन हे औषध चक्रीय एएमपी मोडणाऱ्या विकराला अडवते, त्यामुळे ग्राही कमी असले तरी आकुंचन जोरकस होते. १९९१मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत मिल्रिनोनच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्या गंभीर रुग्णांत मृत्यूचे प्रमाण नुसत्या साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा २८ टक्क्यांनी अधिक निघाले. अतिदक्षता विभागात थोड्या अवधीसाठी ते शिरेतून आजही दिले जाते, पण रोजच्या गोळीचा मार्ग बंद झाला.

बीटा ग्राही झाकून ठेवणारी औषधे म्हणजे बीटा ब्लॉकर, आणि आप्पांचे मेटोप्रोलॉल त्यांतलेच एक. या वर्गाची औषधे जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात मुख्यतः हृदयशूळासाठी विकसित केली होती. दुबळ्या हृदयाला ती वर्ज्य मानली जात. १९७५मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्ग येथील वॉगस्टाइन आणि सहकाऱ्यांनी अवघ्या सात रुग्णांवर ती वापरून सुधारणा झाल्याचे लिहिले, तेव्हा वैद्यकविश्वाने त्यावर विश्वास ठेवला नाही. माझ्या विद्यार्थिदशेतल्या पुस्तकांतही ही औषधे हृदय दुबळे असताना देऊ नयेत असेच छापलेले होते आणि मी ते परीक्षेत लिहून गुणही मिळवले आहेत. १९९९मध्ये बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉलच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले, आणि दोन्हींत मृत्यूचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलेले दिसले. हृदयाला चाबकापासून आडोसा मिळाला की भरायला वेळ मिळतो, ऊर्जा वाचते, मेटोप्रोलॉलने ग्राही हळूहळू आवरणावर परततात आणि काही महिन्यांत स्नायूची ताकदच वाढते. पहिल्या काही आठवड्यांत मात्र जोर खरोखर कमी होतो आणि थकवा वाढू शकतो. म्हणूनच साडेबारा मिलिग्रॅमपासून सुरुवात करून, रुग्णाला सोसेल तशी, दोन आठवड्यांहून कमी अंतर न ठेवता मात्रा वाढवतात. पट्टा सैल करण्यामागचा विचार हा होता. आप्पांनी तो ऐकून घेतला आणि म्हणाले, साचा नुसता पळवला की ताणा, म्हणजे उभे धागे, तुटतो, हे जॉबरलाही, खात्यातल्या मुकादमालाही, पटायला वेळ लागायचा.

हृदय हे निरोप केवळ ऐकते असेही नाही. १९८१मध्ये कॅनडात अडोल्फो डी बोल्ड यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला आणि त्यांच्या लघवीतून मीठ व पाणी वाहू लागले. ताणले गेलेले हृदय स्वतःच संप्रेरके सोडते आणि मूत्रपिंडांना ओझे कमी करण्याची विनंती करते. आप्पांच्या रक्तात एनटी-प्रोबीएनपी मोजले होते ते याच कुटुंबातील रेणूचा तुकडा म्हणून.

ऑगस्टच्या अखेरीस आप्पा गणपतीला कोकणात गेले आणि गोळ्यांची पट्टी लालबागच्या फडताळातच राहिली. मेटोप्रोलॉल तेव्हा ५० मिलिग्रॅमवर होते. तिसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी छातीत धडधड सुरू झाली आणि नाडी ११०च्या पुढे गेली. पाच महिन्यांत आवरणावर परतलेले सगळे ग्राही आता उघडे पडले होते आणि त्यांना झाकणारे काही रक्तात उरले नव्हते. अचानक गोळी तोडल्यास असे होते, हे सांगायचे मीच राहून गेले होते, आणि ती चूक माझ्या मनाला अजून लागून आहे. चुलतभावाने तालुक्याच्या गावी नेऊन तिथल्या डॉक्टरांना दाखवले, गोळी पुन्हा सुरू झाली, दोन दिवसांत नाडी उतरली.

नोव्हेंबरच्या इकोत पंपिंग ३८ टक्के आले. आप्पा आता दुसऱ्या मजल्यावर एकदाच थांबतात आणि रोज सकाळी नाडी मोजून कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकटीत पेन्सिलीने लिहितात. परवा मी गेले तेव्हा तिथे ६२ लिहिलेले होते, त्याखाली ६४ आणि ६१. सप्टेंबरच्या पानावर, गणपतीतल्या त्या दिवसाच्या चौकटीत, त्यांनी ११२ लिहून त्याभोवती गोल काढला आहे आणि शेजारी गोळीचे नाव.